मैनेचे दागिने

अण्णाभाऊ साठे यांच्या 'माझी मैना' या छक्कडीत दागिन्यांची एक यादी येते. पोटासाठी मुंबईला निघालेला नवरा भल्या पहाटे गावदरीपर्यंत पोचवायला आलेल्या बायकोची समजूत काढतो आहे. तिचा चेहरा उतरला आहे आणि तो एकामागून एक वचनं देत सुटला आहे. तोडे करीन, कोल्हापुरी साज करीन, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, नाकात नथ, पायात मासोळ्या. जवळ आहे ते फडक्यात बांधलेलं भाकरतुकडं. गाणारा ही यादी एका दमात म्हणतो, ढोलकी चढत जाते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की आता ती हसेल. ती हसत नाही. सगळी यादी संपते तरी तिचा चेहरा फुलत नाही, आणि नवरा छातीवर दगड ठेवून वाटेला लागतो.

शाहिरीत दागिन्यांची वर्णनं नवी नव्हती. पेशवाईतल्या लावणीतली नायिका नखशिखान्त सजलेली असते आणि शाहिराची नजर तिच्या अंगावरून फिरत असते. अण्णाभाऊंनी तीच जुनी सामग्री घेतली, पण दागिने अंगावरून काढून तोंडी ठेवले. जे घरात नाही आणि बहुधा कधी येणार नाही, त्याची ही यादी आहे. गरिबाचं प्रेम इतक्या थोड्या जागेत इतकं खरं सांगणारी दुसरी रचना मला तरी मराठीत सापडलेली नाही.

मी नोकरीनिमित्त दिल्लीत आले आणि करोल बागेत राहू लागले, तेव्हा हे गाणं मला नव्यानं ऐकू आलं. बाहेरच्या माणसाला करोल बाग म्हणजे अजमल खाँ रोडवरची कपड्यांची गर्दी आणि गफ्फार मार्केटातली मोबाईलची दुकानं. लग्न ठरलेल्या घरांना बँक स्ट्रीट ठाऊक असतो, तिथल्या सोन्याच्या पेढ्यांमुळे. या झगमगाटाच्या मागे बीडनपुरा आणि रैगरपुऱ्याच्या गल्ल्या आहेत. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला पाठ लावायची, अशा त्यांतल्या काही. वर विजेच्या तारांचं जाळं, अंधारे जिने, आणि जिन्यावरच्या खोल्यांमधून दिवसभर बारीक ठोकाठोकीचा आवाज. सोनं इथे घडतं. घडवणारे हात बरेचसे बंगाली आहेत. घडवण्याआधी ते सोनं वितळवून, त्यातलं हीण काढून चोख करून देणारे मात्र आपले. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या तालुक्यांतले, विट्याच्या आसपासच्या गावांतले. त्यांना गलाईवाले म्हणतात. देशात जिथे म्हणून सराफ बाजार आहे, तिथे एखादा तरी गलाईवाला सांगलीकडचा निघतो. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेचा हा सगळा माळ दुष्काळी. आता टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी पुष्कळ शिवारांत पोचलं आहे, पण ते यायच्या आधी दोन-तीन पिढ्या घर सोडून गेल्या होत्या.

अण्णाभाऊही याच जिल्ह्याचे. वाटेगाव वाळवा तालुक्यात आहे. १ ऑगस्ट १९२० ला ते जन्मले तेव्हा हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. त्यांच्या गाण्यातला नवरा ज्या वाटेनं मुंबईला गेला, तिलाच पुढे फाटे फुटले आणि एक फाटा करोल बागेत आला. त्या गाण्यातला माणूस इथे दुसऱ्यांच्या बायकांचे दागिने वितळवतो.

आईच्या तुटलेल्या पाटल्या घेऊन मी पहिल्यांदा आबा या गलाईवाल्यांच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे आठ-दहा फुटांची खोली. पुढे काचेचा गल्ला, त्यावर काटा, मागे भट्टी, भिंतीवर शिवाजी महाराजांची तसबीर आणि सिद्धनाथाचं कॅलेंडर. आबांनी पाटल्या हातात घेऊन नुसत्या वजनावर काहीतरी ओळखलं, मग माझं बोलणं ऐकून विचारलं, "ताई, गाव कुठलं म्हणायचं?" साताऱ्याकडचं म्हटल्यावर चहा आला. मग त्यांनी मला समोर बसवून सगळं करून दाखवलं. सोनं मुशीत घातलं, वर चिमूटभर टाकणखार टाकला, आणि ज्योत सोडली. पाटलीचा आकार आधी कडेनं ढळला, मग एकदम खचला आणि मुशीच्या तळाशी एक थरथरता लाल-पिवळा गोळा झाला. आईच्या मनगटावर तीस वर्षं असलेली वस्तू जायला एवढासा वेळ लागला. पुढे त्यात चांदी मिसळून पातळ पत्रा करतात आणि तो तेजाबात उकळतात. तांबूस धूर उठतो, घसा धरतो. चांदी-तांबं तेजाबात विरघळतं आणि तळाशी उरतं ते शुद्ध सोनं. ते मुळीच चकाकत नाही. विटकरी, मातकट भुकटी दिसते ती. अनोळखी माणूस झाडून फेकून देईल. धुऊन पुन्हा आटवली की मग पिवळी होते.

आबा या धंद्यात पोरवयात आले. काकांच्या दुकानात भट्टीपुढे बसायचे, रात्री तिथेच गल्ल्यामागे झोपायचे. लग्न झालं तरी आबांची बायको, म्हणजे काकू, बरीच वर्षं गावीच होत्या. वर्षातून एकदा, जत्रेला, फार तर सुगीला जाणं व्हायचं. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. सगळ्यांचंच तसं होतं, त्यामुळे ते दुःख आहे असं कुणी म्हणत नसे. मी 'माझी मैना'चं नाव काढलं तर म्हणाले, "आमच्याच वाळव्याचा माणूस की तो." आणि भट्टीकडे बघत त्यांनी दागिन्यांची ती यादी सबंध म्हणून दाखवली, एक दागिना न गाळता. पोथी पाठ असावी तशी.

काकू तेव्हा डबा घेऊन आल्या होत्या. ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तिला दागिनं नगंच हुतं वो. ह्यो गाडीत बसू नये, येवडंच हुतं तिचं."

या छक्कडीवर मी जे काही वाचलं आहे, त्यात मैनेचं मन इतकं नेमकं कुणी सांगितलेलं नाही. गाणं पुरुषाच्या तोंडचं आहे, मैना त्यात एक शब्द बोलत नाही. पण अण्णाभाऊंनी तिला दागिन्यांनी फुलू दिलं नाही, यातच तिचं म्हणणं आलं. तिला कळलेलं असतं की हा जातो आहे, आणि जाणारा माणूस वचनं देतच असतो.

अण्णाभाऊंना हे कुणी शिकवायला नको होतं. वडील भाऊराव मुंबईत माळीकाम करायचे, घरी कधीमधी यायचे. आई वालुबाई गावाकडे घर चालवायच्या. म्हणजे मैना त्यांनी आधी आपल्या घरात पाहिली. पुढे बापाबरोबर पोरगं वाटेगावाहून मुंबईपर्यंत पायी चालत गेलं. गाडीचं भाडं नव्हतं. शाळा दीड दिवसाची. मांग घरात जन्मलेल्या पोराला शाळेनं ठेवून घेतलं नाही. मुंबईत हमाली, गिरणी, संप, मोर्चे, आणि माटुंग्याचा लेबर कॅम्प. अक्षरओळख त्यांनी दुकानांच्या पाट्या आणि भिंतीवरची पोस्टरं वाचत करून घेतली. या माणसानं १९४३ साली स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला आणि तो गिरणगावात घुमला. पुढच्या वर्षी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं.

तमाशाला त्यांनी काय केलं, हे आज लोकनाट्य सरसकट पाहणाऱ्यांच्या ध्यानात येणार नाही. जुन्या तमाशात आधी गण, त्यात गणपतीला वंदन. अण्णाभाऊंच्या गणात वंदन मायभूमीला, हुतात्म्यांना आणि कष्टकऱ्यांना. पुढची गौळण, कृष्णानं गवळणींना अडवण्याचा तो प्रकार, त्यांनी काढूनच टाकला. बाईला छेडून हशा मिळवायचा नाही, एवढा त्याचा अर्थ. वगात राजा-प्रधानाच्या जागी सावकार, निवडणुकीला उभे राहिलेले शेठजी आणि गिरणी कामगार आले. ढोलकी, डफ, तुणतुणं तेच राहिलं, झिलकऱ्यांचं मागून 'जी जी' तसंच राहिलं. लोकांच्या कानाला ओळखीचं होतं ते त्यांनी मोडलं नाही. सरकारला यातला दारूगोळा लगेच कळला आणि कलापथकावर बंदी आली. बंदी तमाशावर आहे म्हटल्यावर लोकनाट्य म्हणून तेच उभं राहिलं.

गळ्याचा भाग अमर शेखांचा. बार्शीचे मेहबूब पटेल. सांगतात की मैदानावर ते ध्वनिक्षेपक बाजूला सारून गायचे आणि शेवटच्या रांगेला शब्द पोचायचा. 'माझी मैना' त्या आवाजातून सभासभांत गेली. एका मातंगानं लिहावं, एका मुसलमानानं गावं, आणि शिवाजी पार्कवर बसलेल्या लाखभर मराठी माणसांना ते आपल्याच घरचं वाटावं, हे तेव्हा घडलं. पुन्हा तसं घडलेलं मला दिसलं नाही.

दोघेही १९६९ च्या पावसाळ्यात गेले. अण्णाभाऊ १८ जुलैला, गोरेगावच्या सिद्धार्थनगरमध्ये, एकाकी आणि हलाखीत. अमर शेख २९ ऑगस्टला, अपघातात. मध्ये जेमतेम सहा आठवडे.

संयुक्त महाराष्ट्राच्या काळात शाहिरांच्या तोंडी दिल्ली यायची ती समोरच्या पक्षाची राजधानी म्हणून. मुंबई कुणाला द्यायची हे इथे ठरत होतं. फाझल अली आयोगाचा अहवाल १९५५ चा, मग मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा, त्यावरून चिंतामणराव देशमुखांचा अर्थमंत्रिपदाचा राजीनामा, आणि तिकडे फाउंटनवर गोळ्या. मी इथे राहते, इथला पगार घेते, आणि तरी ती गाणी ऐकताना मी मैदानात खाली बसलेल्यांत असते. वाळवा तालुक्यातल्याच येडे मच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील १९५७ ला साताऱ्यातून निवडून लोकसभेत आले, तेव्हा या शहरात त्यांना कसं वाटलं असेल, हा विचार मी पुष्कळदा करते. प्रतिसरकार चालवलेला माणूस. ल्यूटन्सच्या रुंद रस्त्यांवरून चालताना त्यांना येडे मच्छिंद्रची पांदी आठवत असेल.

'माझी मैना'चा उत्तरार्ध या सगळ्याबद्दल आहे, आणि तो लोकांना फारसा ठाऊक नाही. नवरा मुंबईत पोचतो. तिथे परळ, लालबाग, फाउंटनची लढाई पेटते, रावणाच्या लंकेचा दाखला येतो, मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांची नावं घेऊन हिशेब होतो. विजयाची गुढी उभी राहते. एखाद्या साध्या शाहिरानं इथे थांबून टाळ्या घेतल्या असत्या. अण्णाभाऊ म्हणतात की माझ्या जिवाची तगमग मात्र गेली नाही, कारण मैना अजून गावाकडेच आहे. आणि मग ते गाण्याची किल्ली फिरवतात. तीच गत महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव तिकडेच राहिले. बायकोची ताटातूट आणि मुलखाची ताटातूट एका सुरात येते. कुठेही असं वाटत नाही की आधीचं प्रेम हे पुढच्या भाषणाची प्रस्तावना होतं. ज्याला बायको सोडून गाव सोडावं लागलं आहे त्यालाच खंडित मुलखाचं दुःख कळतं, असं हे गाणं मानतं. शेवटी शाहीर विनवतो की मागे फिरू नका, काम अपुरं आहे.

ते अपुरंच आहे. १९६७ साली सीमाप्रश्नावर महाजन आयोगाचा अहवाल आला, महाराष्ट्रानं तो मानला नाही. २००४ साली महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. करोल बागेच्या स्टेशनात निळ्या मार्गावरची मेट्रो धरली की झंडेवालान, रामकृष्ण आश्रम, राजीव चौक, बाराखंबा, मंडी हाउस, आणि पुढचं स्टेशन सर्वोच्च न्यायालय. गाडी बदलावी लागत नाही. मैनेच्या दागिन्यांचं सोनं जिथे आटतं तिथून मैनेचा खटला सहा स्टेशनं लांब आहे. मी कामासाठी त्या बाजूला जाते तेव्हा ती इमारत डोळ्यांसमोरून जाते आणि मला राग येतो, दर वेळी. एखादं गाव कुणाच्या नकाशात आहे हे ठरायला इतकी वर्षं लागावीत, आणि तोवर तिथल्या पोरांनी मराठी पाटी लावायची की नाही यावरून मार खावा, याला मी न्यायाचा संथपणा म्हणू शकत नाही.

शाहीर गेल्यावर त्याचं काय करायचं, हे आपल्याला जमलेलं नाही. अण्णाभाऊंच्या नावानं १९८५ साली महामंडळ निघालं, २००२ साली टपाल तिकीट निघालं, सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा उभा राहिला. १९६१ साली ते रशियाला जाऊन आले होते आणि त्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं, म्हणून पुतळ्याला एक अर्थ आहे. यातलं काहीही वाईट नाही. पण अण्णाभाऊ कुणाचे, यावर आपल्याकडे जी ओढाताण चालते ती मला सहन होत नाही. कम्युनिस्ट म्हणतात आमचे, आंबेडकरवादी म्हणतात आमचे, आणि त्यांच्या जातीपलीकडची बरीच घरं त्यांना त्यांच्या जातीवर सोपवून मोकळी होतात. 'फकिरा' ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन १९५८ साली त्यांनी केलं, आणि पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरलेली नसून दलितांच्या आणि श्रमिकांच्या तळहातावर आहे, हे तिथेच सांगितलं. ते लाल बावट्याखाली वाढले आणि बाबासाहेबांपुढे वाकले. यात त्यांना कसली अडचण वाटली नाही, मग आपल्याला का वाटावी?

ही अडचण जिवावर बेतू शकते हे विलास घोगरेनं दाखवलं. मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारा कवी आणि गायक, आनंद पटवर्धनांच्या 'हमारा शहर' या माहितीपटात त्याचं गाणं आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातली गेली, लोक रस्त्यावर आले, राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, विलासनं आपल्या झोपडीत गळफास घेतला. डोक्याला निळी पट्टी बांधून. ज्या डाव्या संघटनेसाठी तो वर्षानुवर्षं गायला तिनं त्याला आधीच दूर केलं होतं. पटवर्धनांनी त्या मृत्यूपासून सुरुवात करून चौदा वर्षं चित्रण केलं आणि २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण केला. तीन तासांहून लांब आहे तो. मी मंडी हाउसच्या बाजूला एका सभागृहात पाहिला. बाजूला बसलेल्या हिंदी मुलांना मराठी कळत नव्हतं, खाली उपशीर्षकं होती, पण डफ वाजला की त्यांचे पाय हलत होते. अण्णाभाऊंची आणि विलासची पुण्यतिथी तीन दिवसांच्या अंतरानं येते, त्यामुळे जुलै आला की मला दोघे एकदम आठवतात. एक उपेक्षेनं गेला, एक संतापानं.

आबांच्या दुकानात अण्णाभाऊंचा फोटो नाही. गाणं पाठ आहे, 'आमच्या वाळव्याचा माणूस' हा अभिमान आहे, पण तसबीर नाही. मी एकदा सरळ विचारलं. आबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "खरं सांगू का ताई, आमच्या मनातच कदी आलं न्हाई." खोटं बोलणारा माणूस सबबी सांगतो, त्यांनी एकही सांगितली नाही. पण मनात न येणं हेही शेकडो वर्षांचं आहे. गावात ज्या घराचं पाणी वेगळं होतं, त्या घरातल्या माणसाचं गाणं ओठांवर येतं, भिंतीवर येत नाही. मला हे बोचतं आणि मी ते आबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. काकू म्हणाल्या, "मग आनू की फोटू. त्यात काय."

गेल्या गणपतीत हे सगळं एका रात्री एकत्र आलं. करोल बागेतल्या गलाईवाल्यांचा गणपती असतो. आरतीनंतर जेवणं झाली आणि पोरं गाण्याला बसली. विट्याकडच्या एका पोरानं 'माझी मैना' सुरू केली. आवाज बरा होता, आणि त्यानं मुंबईच्या ठिकाणी दिल्ली घातली होती. कुणी हरकत घेतली नाही, कारण सगळेच दिल्लीला आलेले. यादी आली तशी सगळी ओरडून म्हणू लागली, एकेका दागिन्याला टाळी. त्याच सकाळी ज्यांच्या हातून कुणाचे तरी तोडे मुशीत गेले होते, ती पोरं. यादी झाली, नवरा वाटेला लागला, आणि गाणं थांबलं. पोरं हसत उठली. त्यांच्या फोनवर जे गाणं आहे ते तिथेच संपतं.

मागच्या बाजूला एक माणूस बसला होता. जवळच्या हॉटेलात स्वयंपाकघरात काम करतो. आरतीच्या वेळी त्याला कुणी गाव विचारलं तर तो म्हणाला, खानापूर. "आमचंबी खानापूरच!" म्हणत दोघा-तिघांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि मग कळलं की त्याचं खानापूर बेळगाव जिल्ह्यातलं. विट्याकडचं नाही, सीमेपलीकडचं. गोवा एक्सप्रेसनं येताना त्याचा मुलूख आधी लागतो, यांचा नंतर. तो उठला नाही. म्हणाला, "पुढचं म्हणा की. आमचं पुढंच आहे."

पोरांना पुढचं येत नव्हतं. त्यांनी आबांकडे पाहिलं. आबांना परळ-लालबागपर्यंत आठवलं, मग अडलं. मग त्या माणसानंच बसल्या जागेवरून उचललं. आवाज काही खास नव्हता, चालही मध्ये सुटत होती. बेळगावचं नाव आलं तिथे त्याचा गळा दाटला नाही, उलट आवाज चढला. त्याच्या आजोबांनी हे गाणं एका सभेत ऐकलं होतं आणि घरात म्हणत असत, एवढंच त्यानं नंतर सांगितलं. विट्याची पोरं मागून झील धरायचा प्रयत्न करत होती, शब्द माहीत नसल्यानं नुसतं 'जी जी' करत. उत्तरार्ध संपला तेव्हा एक पोरगा त्याच्या शेजारी जाऊन बसला आणि फोन पुढे करून म्हणाला, "परत म्हणा, टेप करतो."

त्या रात्रीनंतर हॉटेलातला तो माणूस सुटीच्या दिवशी आबांच्या दुकानात येतो. त्यानं उत्तरार्ध एका वहीत लिहून दिला आहे, आणि मी तो छापील संग्रहाशी ताडून दोन जागी दुरुस्त केला. काकूंनी फोटो आणला, महाराजांच्या तसबिरीशेजारी लावला. येत्या १८ जुलैला शटर ओढून दुकानातच बसायचं आणि सगळं गाणं म्हणायचं ठरलं आहे, मुंबईच्या जागी मुंबईच ठेवून, कारण आबांचं म्हणणं पडलं की शाहिराचा शब्द आपण बदलायचा नाही. विलास घोगरेचं एक गाणंही म्हणूया असं मी सुचवलं. ते पोरांना शिकावं लागेल, चाल मी ऐकवते म्हटलं आहे. ढोलकी विट्याहून यायची आहे. झील धरायला तिघे तयार आहेत, चौथा हवा.